कॅप्टन सुटला का?

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. काळा-पांढरा, वीस इंची, लाकडी पेटीतला. माझ्या तोंडाला दोन सरकती दारं होती आणि त्यांना कुलूप होतं. आज एक दार मोडलंय आणि दुसरं जागचं हलत नाही. तुमच्या घरच्या भिंतीवर लटकणाऱ्या सडपातळ टीव्हीने मला पाहिलं, तर तो मला कोंबड्यांचं खुराडं समजेल. खुशाल समजू दे, मला त्याचा राग नाही. मला फक्त एक गोष्ट सांगायची आहे. ती मी कितीतरी वर्षं पोटात धरून बसलोय. माझ्यासारख्या बडबड्या यंत्राला हे किती जड गेलं असेल, ते शेवटी तुम्हीच ठरवा.

माझा जन्म पुण्याच्या एका कारखान्यात झाला. लांबलचक टेबलांशी बसलेल्या बायकांनी माझ्या तारांना एकेक करून डाख दिला. तिथून मी बीड जिल्ह्यात आलो. सिरसाळ्यापासून तीन कोसांवर एक गाव आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथे अजून माणसं राहतात आणि पुढचं ऐकून त्यांना लाज वाटेल. त्या गावच्या दूध सोसायटीने एका वर्षी सगळ्यांपेक्षा जास्त दूध घातलं, त्याचं बक्षीस म्हणजे मी. सोसायटीचे चेअरमन सुंदरराव स्वतः ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मला मांडीशी धरून बसले होते. वेशीवर मला कुंकू लावलं, नारळ फोडला. नवरीचंही एवढं कौतुक होत नाही हो!

सोसायटीच्या खोलीत, दुधाच्या कॅनांशेजारी, मला एका उंच टेबलावर बसवलं. सुंदररावांच्या पत्नी केशरबाई. त्यांनी माझ्या डोक्यावर क्रोशाचा रुमाल टाकला, त्यावर खंडोबाची तसबीर ठेवली आणि भंडाऱ्याची पितळी डबी ठेवली. खंडेनवमीला विळा, पेरणीची पांभर, दुधाची मापं आणि मी, अशी आमची एका रांगेत पूजा व्हायची. डबी उघडताना थोडा भंडारा नेहमी सांडायचा आणि माझ्या पाठीच्या जाळीतून आत जायचा. तो अजून माझ्या पोटात आहे.

संध्याकाळी सुंदरराव कंबरेची किल्ली काढून माझी दारं उघडायचे. माणसं सतरंजीवर, बायका ओसरीवर. गुरुवारी तर पाय ठेवायला जागा नसायची, कारण गुरुवारी गुप्तहेराची हिंदी मालिका लागायची. तिचा हिरो होता कॅप्टन देवदत्त. हिंदी सगळ्यांना कळायचं असं नाही, पण कॅप्टनने कोटाची कॉलर वर केली की अख्खी खोली श्वास रोखायची.

या सगळ्यांत दाराशी उकिडवा बसणारा एक माणूस होता, आश्रुबा. घर मेंढपाळाचं. मेंढरं एका साथीत गेली, तेव्हापासून एक गाय, दोन बैल आणि पडेल ते काम. उंच, हडकुळा, बोलायला अगदी कंजूस. मात्र मालिका सुरू झाली की त्याला राहवायचं नाही. "आता त्यो कावून पळायला?" असं तो शेजारच्याला विचारायचा आणि सगळे त्याच्यावर खेकसायचे. त्याची बायको रतनबाई ओसरीवरून तोंडाला पदर लावून हसायची. मला तो फार आवडायचा. माझ्याकडे इतक्या खरेपणाने कोणी बघत नसे.

मग दुष्काळ पडला. एक पावसाळा कोरडा गेला, तसाच दुसरा. विहिरींचे तळ दिसू लागले. जे गाव जिल्ह्यात दुधासाठी नावाजलं होतं, तिथले कॅन माझ्या शेजारी पालथे पडले. गुरं जगावीत म्हणून सोसायटीने नदीच्या कोरड्या पात्राजवळ छावणी उघडली. पंचक्रोशीतली तीनशे जनावरं दावणीला आली. त्यांच्यासाठी लांबून ट्रकने कडबा आणि उसाचं वाढं यायचं. चाऱ्याच्या गंजीवर राखणदार म्हणून आश्रुबाला नेमलं आणि चाऱ्याच्या कोठीची किल्ली त्रिंबककडे दिली. हा त्रिंबक गोड बोलणारा, सगळ्यांच्या उपयोगी पडणारा गडी. माझी अँटेना वाऱ्याने फिरली की पत्र्यावर चढून तोच सरळ करायचा. मी स्वतः त्याला सज्जन समजत होतो, तर तुम्हाला काय दोष द्यायचा!

महिन्याभरात सुंदररावांच्या लक्षात आलं, की ट्रक येतात, कडबा उतरतो, तरी गुरांच्या बरगड्या वर येतच आहेत. चारा कुठेतरी मुरत होता. सिरसाळ्याकडच्या एका बंद पडलेल्या तेलगिरणीत चाऱ्याची चोरटी पेठ भरते, अशी कुजबुज त्यांच्या कानावर आली. पण त्या टोळीला आतून मदत करणारं कोण? ट्रकवाले, कोठीवाले, की सोसायटीचेच कोणी? विचारायचं तरी कोणाला? ते माझ्यासमोर एकटेच बसून राहायचे आणि मला सुरू करायचंसुद्धा विसरायचे.

आणि तो गुरुवार आला. त्या दिवशीच्या भागात कॅप्टन देवदत्त चोरट्या मालाच्या टोळीत शिरतो. कसा? स्वतःच चोर बनून. तो एक चोरी करतो, पकडला जातो, बदनाम होतो आणि टोळी त्याला आपला म्हणून जवळ करते. तो खरा कोण आहे हे फक्त एका माणसाला माहीत असतं, त्याच्या पिकल्या केसांच्या साहेबाला. आणि मध्यावरच त्या साहेबाला गोळी लागते. त्याला दवाखान्यात नेतात. इकडे कॅप्टनला पोलीस बेड्या घालतात. तो ओरडून सांगतो, पण कोणाचा विश्वास बसत नाही.

तेवढ्यात लाईट गेली.

खोलीत एकच गलका झाला. लोक अर्धा तास थांबले, लाईटला शिव्या घातल्या आणि उठून गेले. आश्रुबा मात्र उठेना. सुंदरराव कंदील लावत होते.

"मालक, त्यो सायेब मेला तर कॅप्टनचं काय व्हईल वो?" त्याने विचारलं.

"काय व्हायचंय? हिरो हाय त्यो. सुटतोच बघ," सुंदरराव हसून म्हणाले. पण हसता हसता मध्येच थांबले आणि आश्रुबाकडे टक लावून बघत राहिले. मित्रांनो, चोरांच्या टोळीत आत कसं शिरायचं हे त्यांनी त्या दिवशी पाहिलं होतं. तिथून बाहेर कसं यायचं हे दिसण्याआधीच मी बंद पडलो होतो. ही माझी चूक नव्हती, हे मला कळतं. तरीही ते मला सलतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आश्रुबाला बोलावलं. खोलीत ते दोघं आणि मी.

"आश्रुबा, तू चोरी करायची."

"जी?"

"गंजीवरनं चार पेंढ्या काढायच्या, कुणाला तरी दिसतील अशा. त्ये लोक तुला आपोआप हुडकत येतील. त्यांच्यात मिसळ. माल कुठं जातो, कोण कोण हाय, समदं बघून ठिव. सापडायच्या टायमाला मी पोलीस घिऊन येतो. तवा मी सोता सांगीन समद्यास्नी, ह्यो माझा माणूस हाय म्हणून."

आश्रुबाने डोक्यावरचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणाला, "लोक चोर म्हणतील, मालक."

"पंधरा दिस म्हणतील. मंग खांद्यावर घिऊन नाचतील. पर तिसऱ्याला कळता कामा न्हाई. फितूर कोण हाय ठावं न्हाई. तुझ्या बायकुला बी न्हाई, माझ्या बी न्हाई."

आमच्याकडे असा शब्द नुसता तोंडाने देत नाहीत. सुंदररावांनी माझ्या डोक्यावरची डबी काढली, तसबिरीपुढचं बेलाचं पान घेतलं. आश्रुबाने बेल-भंडार उचलून कपाळाला लावला आणि म्हणाला, "खंडोबाच्यान, तुमी सोता तोंड उघडस्तोवर मी उघडणार न्हाई." बेल-भंडार उचलून शब्द मोडला, तर ज्याने दिला त्याचं आणि ज्याला दिला त्याचंही वाटोळं होतं, अशी त्या गावाची पक्की समजूत. सुंदररावांनी डबी परत माझ्या डोक्यावर ठेवली. मी ते पाहिलं आणि सगळं ऐकलंही. त्या शपथेचा मी एकटा साक्षीदार आहे.

पुढच्या दिवसांत जे कानावर आलं ते असं. आश्रुबाने पेंढ्या काढल्या आणि चारच दिवसांत खुद्द त्रिंबकने त्याच्या खांद्यावर हात टाकला. "एकटा काय खातो बे, आमच्यात ये की," असं म्हणाला म्हणे. टोळीने आश्रुबाची परीक्षा पाहिली. छावणीतला कडबा बैलगाडीत भरून त्याने स्वतः गिरणीवर पोचवायचा, तोही दावणीवरून, हंबरणाऱ्या गुरांच्या समोरून. त्या दावणीला त्याची स्वतःची गाय होती. गाडीचा आवाज ऐकून ती मान वर करून बघायची. हे त्याने सुंदररावांना माझ्यासमोर सांगितलं आणि सांगताना हा उंच माणूस लहान मुलासारखा रडला.

"लई झालं, मालक. आता सोडवा."

"समदी टोळी कळली आता. बाजारादिवशी पोलीस आणतो. चार दिस," सुंदरराव म्हणाले.

त्याच दुपारी केशरबाई त्यांची भाकरी घेऊन आल्या. कितीतरी दिवसांनी नवऱ्याचा चेहरा खुललेला पाहून त्यांनी कारण विचारलं. "आपल्या गावात बी एक कॅप्टन हाय. बाजारादिवशी दाखवतो तुला," एवढंच ते बोलले. केशरबाईंना ती थट्टा वाटली.

बाजारचा दिवस उजाडायला दोन दिवस उरले असताना सुंदररावांना लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. अंबाजोगाईला नेलं, तपासलं, आता घरीच सेवा करा म्हणाले. उन्हाची काहिली, गावात पंखा एकट्या सोसायटीत, म्हणून त्यांची बाज माझ्यासमोरच टाकली. आणि ज्या दिवशी त्यांना परत आणलं तोच बाजारचा दिवस होता. मालक पडले हे आश्रुबाला कळलं होतं. पण गाडी नेली नाही तर टोळीला संशय येईल, आणि पोलिसांना सांगून ठेवलेलं असेल, या आशेवर त्याने बैल जुंपले. पोलीस आले नाहीत. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. गावातल्याच माणसांनी भरली गाडी वाटेत अडवली. सगळ्यांत पुढे त्रिंबक, आणि सगळ्यांत मोठ्याने ओरडणाराही तोच. चोरी आपल्या अंगावर येण्याआधी त्याला ती दुसऱ्याच्या माथी मारायची होती.

दिवस कलायच्या सुमाराला आश्रुबाला सोसायटीत आणून उभं केलं. व्हाइस-चेअरमन मोहनराव खुर्चीत बसले. दारात रतनबाई. बाजेवर सुंदरराव, उशाशी केशरबाई.

"कुणाच्या सांगण्यावरनं केलंस, बोल," मोहनराव म्हणाले.

आश्रुबाने सुंदररावांकडे पाहिलं. सगळं गाव त्याच्या उत्तराची वाट बघत होतं आणि तो फक्त त्या एका चेहऱ्याकडे बघत होता. सुंदररावांचे ओठ हलले, घशातून घरघर आली, शब्द आला नाही. मग त्यांनी डावा हात उचलला. मोठ्या कष्टाने तो वर नेला आणि बोट केलं. माझ्याकडे.

"मालकांना टीव्ही बघायचाय," त्रिंबक लगबगीने म्हणाला आणि त्याने मला सुरू केलं. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

मित्रांनो, त्यांना टीव्ही बघायचा नव्हता! त्यांना डबी हवी होती. माझ्या डोक्यावरची डबी. हे मला कळत होतं, आश्रुबाला कळत होतं आणि तिसऱ्या कोणाला कळत नव्हतं. मला ओरडायचं होतं. पण माझ्या तोंडून बाहेर काय पडलं? शेतकऱ्यांचा कार्यक्रम. जनावरांना चारा कापून घातला तर नासाडी कमी होते, असं एक टाय लावलेले गृहस्थ समजावून सांगत होते. सुंदररावांच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. केशरबाईंनी ते पदराने पुसलं.

"अवो, बोला की कायतरी," रतनबाई दारातून कळवळून म्हणाली.

आश्रुबाने मान खाली घातली. आता बोललो आणि शब्द मोडला, तर या अर्ध्या जिवाचं काय होईल, ही धास्ती त्याच्या तोंडावर मी वाचली. तो म्हणाला, "मला कायबी सांगायचं न्हाई."

त्याचं नाव सोसायटीतून काढलं. त्याची गाय आणि बैल त्याच संध्याकाळी छावणीतून हाकलले. गाय नदीच्या पात्रात आठ दिवस तगली. त्याच आठवड्यात सुंदररावही गेले आणि तोंड उघडायचं ते कायमचं राहिलं. ज्याला शब्द दिला तोच गेला. आता त्या शब्दातून सुटका करणार कोण? आश्रुबाने बायकोलासुद्धा सांगितलं नाही. या गोष्टीतला हा भाग आठवला की मला त्याचा रागही येतो. अरे बाबा, देव एवढा कठोर नसतो! पण तो तसाच होता, आणि तसा होता म्हणूनच सुंदररावांनी त्याला निवडला होता.

दसरा झाला की दोघं नवराबायको ऊसतोडीला जायची आणि उन्हाळ्यात परत यायची. गावात असला की आश्रुबा गुरुवारी सोसायटीच्या खिडकीबाहेर उभा राहायचा. आत यायची त्याला बंदी होती. गुप्तहेराची मालिका कधीच संपली होती, तिच्या जागी दुसरं काही लागायचं. तरी तो येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचा, "त्या कॅप्टनचं पुढं काय झालं वो? सुटला का?" लोक आपसांत हसायचे. चोराला चोराची काळजी, असं एकदा त्रिंबक म्हणाला. त्रिंबक तोवर सोसायटीचा सेक्रेटरी झाला होता. खंडेनवमीला मला हार तोच घालायचा.

पाचव्या वर्षी रतनबाई एकटीच परत आली. उसाच्या फडात तापाने आश्रुबा गेला होता. केशरबाईंनी तिला सोसायटीत झाडलोटीचं काम लावून दिलं. चोराच्या बायकोला कशाला, असं लोक म्हणाले. केशरबाईंनी ऐकलं नाही. पण रतनबाई कधी माझ्याकडे बघायची नाही. झाडून झालं की उंबऱ्याबाहेर, माझ्याकडे पाठ करून बसायची.

आणि एका दुपारी, उन्हाळ्यात, जुन्या मालिका पुन्हा दाखवत होते त्यात तो भाग लागला. केशरबाई आणि दोन-तीन बायका समोर बसल्या होत्या. कॅप्टन टोळीत शिरला. साहेबाला गोळी लागली. कॅप्टनला बेड्या पडल्या. मला तर धडधडायला लागलं, लाईट जाते की काय! पण त्या दिवशी ती गेली नाही. दवाखान्यात तो पिकल्या केसांचा साहेब पडला होता, वाचा गेलेली. त्याने डावा हात उचलून टेबलाच्या खणाकडे बोट केलं. नर्सला वाटलं पाणी हवंय. तिने पाणी पाजलं आणि तो मेला. पुढे कोर्टात कॅप्टनला शिक्षा सुनावणार, तोच साहेबाची बहीण धावत आली. खणात पत्र सापडलं होतं. 'मला काही झालं तर, हा माणूस माझा आहे,' असं साहेबाने आधीच लिहून ठेवलं होतं.

केशरबाई उभ्या राहिल्या.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "ते टीव्ही लावा म्हणत नव्हते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग डबीकडे. एकेक गोष्ट त्यांना जुळत गेली: आश्रुबाला विचारलं तेव्हाच उचललेला हात, डोळ्यांतलं पाणी आणि आपल्या गावात बी एक कॅप्टन हाय, हे वाक्य. त्या उंबऱ्यापाशी जाऊन रतनबाईजवळ खालीच बसल्या आणि रडत रडत त्यांनी तिला सगळं सांगितलं. "तुझ्या मालकाला यांनीच धाडलं व्हतं, रतन. चोर नव्हता गं तो. मला पाच वर्सं उमगलं न्हाई."

रतनबाई रडली नाही. हातातला झाडू तिने बाजूला ठेवला. मग तिने विचारलं, "वैनी, मंग त्यो कॅप्टन सुटला का?"

"सुटला गं."

"बरं झालं," रतनबाई म्हणाली. "शेवटाला तापात बी त्येच इचारीत व्हते. म्या म्हनलं, मला काय ठावं!" आणि मग ती अशी रडली, की समोरच्या बायकांनी मला बंद केलं.

केशरबाईंनी दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना जमवून सांगितलं. काहींनी माना खाली घातल्या. त्रिंबक हसून म्हणाला, "वैनी, टीव्हीतल्या गोष्टी खऱ्या धरायच्या का आता?" पुरावा कुठला दाखवणार? पुरावा समोर टेबलावर बसला होता आणि बातम्या देत होता. तरी केशरबाई हटल्या नाहीत. आश्रुबाचं नाव सोसायटीत परत लागेपर्यंत माझ्या डोक्यावरची भंडाऱ्याची डबी त्यांनी कोणाला उचलू दिली नाही, अगदी खंडेनवमीच्या पूजेलाही नाही. नाव लागलं. त्रिंबकला काही झालं नाही.

पुढे सोसायटीत रंगीत टीव्ही आला. मला भंगारात काढत होते, तेव्हा रतनबाई म्हणाली, मला द्या. तेव्हापासून मी तिच्या झोपडीत आहे. माझ्यात काही दिसत नाही, माझी काच आंधळी झाली आहे. तरी दर गुरुवारी ती मला ओल्या फडक्याने पुसते. एकदा माझी जाळी पुसताना तिच्या बोटांना पिवळा भंडारा लागला. तिने तो नवऱ्याच्या फोटोला लावला.

मित्रांनो, मला रंगीत करा, दुरुस्त करा, असं मी मागत नाही. मागतो ते एवढंच. कोणाला विश्वासाने एखादं अवघड काम सांगितलंत, तर ते आणखी एका माणसाच्या कानावर घालून ठेवा. आयुष्याचा काही नेम नाही. आणि एखादा माणूस चारचौघांत मान खाली घालून गप्प उभा असेल, तर घाईने त्याला चोर म्हणू नका. तो कोणाकडे बघतोय तेही जरा बघा. त्या संध्याकाळी खोलीत गावातली एवढी माणसं होती. त्यांतल्या एकानेही आश्रुबाची नजर कुठे आहे ते पाहिलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते.